इंजिनाला आधण

“आई, पिन लावली गं ट्रकला. बटण तेवढं दाब झोपताना!”

सुशीलनं मागच्या दारातूनच हाक दिली आणि बूट काढून, हात चोळत तो थेट हीटरपुढं जाऊन उभा राहिला. शकुबाईंनी स्वयंपाकघरातून नुसतं ‘हूं’ केलं. त्यांचे हात उद्याच्या वड्यांच्या पिठात होते. पीठ भिजवून त्यांना ते उबेला ठेवायचं होतं, पण या घरात ऊब म्हणून जी काही होती ती त्या एका हीटरपुढं, आणि तिथं आता लेक उभा होता.

उद्या बाळासाहेबांचं वर्षश्राद्ध. मागच्या आषाढात ते गेले. सुशील न्यूझीलंडहून पाटणला पोचेपर्यंत राखसुद्धा सावडून झाली होती. दहाव्याला नदीवर उभा राहून पोरगा असा ढसाढसा रडला की बघणाऱ्यांनाच त्याला धरावं लागलं. “वर्षश्राद्ध माझ्या हातानं करीन आई, जगबुडी झाली तरी,” असा शब्द त्यानं आपणहून दिला. मग घराला कुलूप घालून तो आईला इकडं घेऊन आला. शब्द विसरला नव्हता बिचारा. महिन्याभरापूर्वीच त्यानं मालकाकडून रजा मागून घेतली होती. शकुबाईंनी कॅलेंडरवरच्या तारखेला हळदीचं बोट लावून ठेवलं होतं.

“आई,” सुशील हीटरकडं तोंड करूनच म्हणाला, “ग्रॅहमचा फोन आला होता.”

ग्रॅहम म्हणजे मालक. ट्रक त्याचा, हे घरही त्याचंच. तसा माणूस वाईट नव्हता, पण त्याचा फोन संध्याकाळी आला की या घरात कधी चांगली बातमी आल्याचं शकुबाईंना आठवत नव्हतं.

“मग?”

“दुसरा ड्रायव्हर बर्फावरून घसरलाय. पाय मोडला त्याचा. वरच्या फार्म्सवर स्नोमध्ये मेंढ्या अडकल्यात, हीप्स, म्हणजे ढिगानं. गवताचा लोड मलाच न्यायला लागणार. पहाटे निघायला पाहिजे.”

“आन श्राद्ध?”

“संध्याकाळी आलो की करू ना.”

“सांजच्याला करत्यात व्हय रं श्राद्ध? दिस डोक्यावर असतानाच पान वाढाया लागतंय. अंधार पडल्यावर कोण येणार हाय जेवाया?”

मध्ये पडली ती मृदुला. सून कोथरूडची, मनानं चांगली, पण जगात असा कुठलाच तिढा नाही जो गोड बोलून सुटणार नाही, असं तिला मनापासून वाटे.

“आई, भाव महत्त्वाचा. बाबा काय घड्याळ बघून येणारेत का?”

“एस्टीचा डायवर हुता गं त्यो,” शकुबाई म्हणाल्या. “जलमभर घड्याळच बघितलं त्यानं.”

सगळे जेवायला बसले. सात वर्षांच्या श्रियानं मध्येच विचारलं, “आजी, व्हाय आर यू सॅड?” आणि शकुबाई म्हणाल्या, “काय न्हाई बाळा, भात खा.”

जेवणं झाली, निजानीज झाली, आणि शकुबाई रोजच्या फेरीला निघाल्या. ही फेरी त्यांची स्वतःची. टीव्हीचं बटण बंद, मायक्रोवेव्हचं बंद, मिक्सरचं बंद, फोनच्या चार्जरचं बंद. नळ टपकत नाही ना बघायचं, मागच्या दाराची कडी बघायची. मृदुला हसायची. “आई, इथं नाही कुणी बटणं बंद करत!” नसतील करत. पण ज्या बाईनं पन्नास वर्षं रात्री सगळं विझवल्याशिवाय पाठ टेकली नाही, तिनं न्यूझीलंडातल्या या ट्वायझल गावी येऊन का म्हणून सुधारावं?

फेरीच्या शेवटी कपडे धुवायची खोली, आणि तिथल्या भिंतीवर घरातलं एकुलतं एक बटण, जे रात्री बंद करायचं नव्हतं. चालू करायचं होतं. बटणातून निघालेली वायर खिडकीच्या फटीतून बाहेर जायची. बाहेर, खिडकीशेजारच्या खुंटीवर तिचं उरलेलं नारिंगी भेंडोळं दिवसभर टांगलेलं असे. सुशील घरी आला की ते उतरवून ट्रकपर्यंत न्यायचा आणि पुढच्या बंपरखाली पिन लावायचा. ट्रकच्या इंजिनाच्या पोटात एक कॉइल बसवलेली होती. रात्रभर वीज सोडली की इंजिनातलं पाणी उबदार राहायचं, तेल पातळ राहायचं, आणि पहाटे किल्ली फिरवली की गाडी एका झटक्यात सुरू. नाही सोडली, तर इथल्या थंडीत ते लोखंड असं काही आखडायचं की देवालाही हलवता यायचं नाही.

पिन लावायची लेकानं, बटण दाबायचं आईनं. वर्षभरात शकुबाईंना या देशात मिळालेलं हे एकच काम. बाकी सगळं बंद होतं. गावात एस्टी नाही, बोलायला तोंड नाही. चालत निघावं तर दोन वळणांत गाव संपतं आणि पुढं नुसते बोडके पांढरे डोंगर. गाव मुळात धरणाच्या कामगारांसाठी बांधलेलं, पातळ लाकडी भिंतींची घरं. पहिल्या दिवशी घर बघून शकुबाई म्हणाल्या होत्या, “ह्यापरीस कोयनेच्या कॉलनीतली क्वाटरं बरी.” सुशील खो खो हसला होता. त्याला वाटलं, आई गंमत करतेय.

तर त्या बटणापुढं शकुबाई उभ्या राहिल्या.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. इंजिन गरम ठेवणं हे काम या बाईला नवं नव्हतं. पाटणच्या वर, डोंगराच्या माथ्यावर कारळेवाडी म्हणून त्यांचं माहेर. संध्याकाळची एस्टी तिथं मुक्कामाला असायची. गाडी जुनी, बॅटरी तिच्याहून म्हातारी. ढकलून सुरू करायला उतारावर लावावी, तर वाडीत उतार होता तो थेट दरीचा. मग थंडीच्या दिवसांत ड्रायव्हर रात्री रेडिएटरमधलं पाणी सोडून द्यायचा आणि पहाटे कढत पाणी ओतायचा, म्हणजे गाडी सुरू व्हायची. ते पाणी शेजारच्या घरातून जायचं. शेजारचं घर शकूच्या बापाचं, आणि चुलीवर आधण ठेवायचं काम शकूचं. एके वर्षी बाळासाहेब नावाचा नवा ड्रायव्हर या गाडीवर आला. बोलायला कमी, पण बादली परत देताना ती स्वच्छ विसळून द्यायचा. असं पूर्वी कुणी केलं नव्हतं.

पौषातल्या एका पहाटे एकोणीस वर्षांच्या शकूनं आधणाखालची लाकडं हळूच मागं ओढली आणि कोमट पाण्याचीच बादली नेऊन दिली. गाडी घरघरली, खोकली आणि बसली ठिय्या देऊन. ऊन चढेपर्यंत बाळासाहेब त्यांच्या ओट्यावर बसले. भाकरी-पिठलं खाल्लं. बापानं गाव विचारलं, भावकी विचारली, जमीन विचारली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. कोमट पाण्याची गोष्ट मात्र शकूनं कधी कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही. नवरा फसवल्याचं नवऱ्यालाच काय सांगायचं?

आणि आता साठी उलटल्यावर, इथं आषाढातच पडणाऱ्या या हाडं फोडणाऱ्या थंडीत, तिला तेच आठवलं. एक दिवस. एकच दिवस गाडी सुरू झाली नाही तर? पोरगा घरात राहील, आंघोळ करून बापाचं पान वाढील, पानाभोवती आपल्या हातानं पाणी फिरवील. नंतर जाईना का कुठं जायचं तिथं! शकुबाईंनी बटणावर बोट ठेवलं. मग त्यांनी ते तसंच पदरात गुंडाळलं आणि दिवा मालवून त्या झोपायला गेल्या. सगळी बटणं बंद करता करता म्हातारीकडून हेही एक राहून गेलं, असं कुणीही म्हटलं असतं. त्यांनी ते उत्तरही तयार ठेवलं होतं.

पहाटे त्या पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. मागचं दार वाजलं. ट्रकचं दार वाजलं. मग किल्ली. गाडीनं एक लांब, जड कण्हणं काढलं, पुन्हा एक, मग आणखी बारीक, आणि शेवटी नुसती टकटक. शकुबाईंच्या काळजात आधी आनंद झाला आणि पाठोपाठ भीती. अगं बाई, हे काय करून बसलो आपण?

त्या उठल्या, सुशीलचं जुनं जॅकेट साडीवर चढवलं, चहाचा कप घेतला आणि बाहेर आल्या. सगळं अंगण पांढरं पडलं होतं. पायाखाली गवत करकर वाजत होतं. ट्रक अंधारात उभा, आणि आत सुशील स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. उतरला नाही, बॉनेट उघडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसता बसला होता.

त्याच्याकडं जाता जाता शकुबाईंची नजर खिडकीशेजारी गेली. खुंटीवर वायरीचं नारिंगी भेंडोळं जसंच्या तसं टांगलेलं होतं. त्याच्या प्रत्येक वेढ्यावर दहिवर पांढरंधोप गोठलं होतं. रात्रभरात त्याला कुणाचा हात लागला नव्हता. पिन ट्रकला लावलेलीच नव्हती.

‘पिन लावली गं’ म्हणून हाक देणारा हाच पोरगा.

सुशीलनं काच खाली केली. आई भेंडोळ्याकडं बघतेय हे त्यानं बघितलं. तो खाली उतरला आणि त्यानं चहा घेतला. कपातून वाफ निघत होती, तिच्याआडून दोघं एकमेकांकडं चोरासारखे बघत राहिले.

“गाडी सुरू होत नाही, आई,” तो म्हणाला.

“व्हय का?” शकुबाई म्हणाल्या. “मग काय करायचं आता?”

“ग्रॅहमला फोन करतो. दुपारच्या आत काय होणार नाही म्हणतो.”

“कर.”

असा तो दिवस उगवला. मृदुला कामावर निघाली. ती गावातल्या मोटेलात खोल्यांचं बघायची. श्रियाला ती शाळेत सोडणार होती. श्रियानं बाप घरात बघून टाळ्या पिटल्या. “डॅड्स होम! स्वीट अ‍ॅज!” मृदुलानं मात्र बूट घालता घालता विचारलं, “असं कसं झालं? काल बटण दाबलं होतंत ना, आई?” शकुबाईंनी उत्तर तयार ठेवलंच होतं, पण सुशील मध्येच म्हणाला, “अगं बॅटरी असेल. तू जा, उशीर होतोय.”

सुशीलनं आंघोळ केली. धोतर घरात नव्हतं म्हणून धुतलेली पँट घातली आणि तो स्वयंपाकघरात खोबरं खोवायला बसला. लहानपणीही तो असाच बसायचा, खोवता खोवता निम्मं खायचा. आज खायचं नव्हतं, तरी हात दोनदा तोंडाकडं गेलाच. शकुबाईंनी पळीनं मनगटावर चापटी मारली.

“आई, एक विचारू? काल बटण दाबलं होतंस?”

शकुबाईंनी खीर ढवळली. “तू पिन लावली हुतीस?”

आधी सुशीलचे खांदे हलले, मग शकुबाईंचे. दोघंही हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वर्षभरात त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

“म्हणजे मी लावली असती तरी गाडी सुरू झालीच नसती!” सुशील म्हणाला. “कोमट पाणी.”

शकुबाईंची पळी थांबली. “काय म्हनलास?”

“कोमट पाणी गं. कारळेवाडीचं. बाबा सांगायचे मला.”

“काय सांगायचे?”

“हेच की तू एकदा मुद्दाम कोमट बादली आणून दिलीस. त्यांनी बोट घालून बघितलं होतं. म्हणायचे, ‘पाण्यात बोट घातलं आन म्हनलं, आयला, ही पोरगी मला थांबीवतीय. मग वतलं तसंच.’ कंडक्टर बोंबलत होता म्हणे, आधण मागा म्हणून. तर बाबा म्हणाले, ‘हेच आधान हाय.’”

शकुबाई खाली बसल्या. एवढी वर्षं! एवढी वर्षं तो माणूस शेजारी झोपला, जेवला, भांडला, म्हातारा झाला, आणि एका शब्दानं बोलला नाही. आपण समजत होतो, आपण त्याला फसवलं. आणि तो गडी बादलीत बोट घालून, सगळं जाणून, मुकाट बसला होता ओट्यावर.

“लबाड!” त्या म्हणाल्या, आणि हसू की रडू ते न कळून त्यांनी तोंडाला पदर लावला. “लबाड मानूस! आन तूबी त्याचाच.”

आणि नेमकी त्याच वेळी बाहेर गाडी थांबली.

ग्रॅहम आला होता. फोनवर ‘दुपारनंतर बघू’ म्हणणारा माणूस स्वतःच दत्त म्हणून दारात उभा. बरोबर भली मोठी बॅटरी, जाड वायरी आणि हातात हत्यारांचा डबा. उंच, लाल नाकाचा, डोळे रात्रभर जागलेले. त्यानं शकुबाईंना ‘मॉर्निंग, मम’ केलं आणि सुशीलला घेऊन तो ट्रककडं गेला. शकुबाई मागोमाग दारात आल्या.

ग्रॅहमनं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, कपाळाला हात लावला. मग त्याची नजर वळली ती खुंटीवरच्या भेंडोळ्याकडं. उन्हानं त्यावरचं दहिवर नुकतंच विरघळून थेंब पडत होते. तो सुशीलला काहीतरी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण सुशीलचा चेहरा उतरला. सुशीलनं एकदा भेंडोळ्याकडं बघितलं, एकदा जमिनीकडं, आणि हातानं वायर गुंडाळून ठेवल्याची खूण करत तो इंग्रजीत बोलू लागला. शकुबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण ‘मम’ कळत होतं, ‘स्विच’ कळत होतं, आणि ‘ऑफ’ तर त्या देशातला त्यांचा सगळ्यात ओळखीचा शब्द होता.

ग्रॅहमनं त्यांच्याकडं बघितलं. लहान पोरानं दूध सांडलं की बघतात तसं, रागानं नव्हे, कीव करून.

शकुबाईंना लागलं. पोटच्या पोरानं परक्यापुढं आईचं नाव पुढं करावं, हे फार लागलं. आत्ता घटकेपूर्वी शेगडीपाशी बसून हसत होता ना हा? पण त्यांनी सुशीलकडं नीट बघितलं. चाळिशीचा बाप्या माणूस, मान खाली, शाळेत पट्टी खाताना असायचा तसा. नोकरी ग्रॅहमची, ट्रक ग्रॅहमचा, ज्या दारात आपण उभ्या आहोत ते दारही ग्रॅहमचं. पोरानं जायचं तरी कुठं? त्याला सुटका नव्हती. निदान आपल्या नावामागं तरी लपू दे.

“येस,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “मी. बटन ऑफ. सॉरी.”

आणि वर आपल्या डोक्याला बोट लावून, म्हातारी विसरभोळी झाली, असा अभिनयही केला. ग्रॅहम हसला. सुशील हसला नाही.

बॅटरीच्या वायरी जोडल्या. इंजिन आता फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. थंडीनं डिझेलच गोठून मेण झालं होतं. ग्रॅहम दारापाशी आला, हातानं बादली धरल्यासारखं करून म्हणाला, “हॉट वॉटर, मम? हीप्स?”

“काय म्हनतोय?”

सुशील मान वर न करता म्हणाला, “कढत पाणी मागतोय. डिझेलच्या फिल्टरवर, नळ्यांवर ओतायला. तो... तो म्हणतोय, वरच्या फार्मवरच्या मेंढ्यांना परवापासून काही खायला मिळालेलं नाही. गुडघाभर बर्फात उभ्या आहेत. काही मेल्या पण.”

शकुबाई आत आल्या. खिरीचं पातेलं उतरवलं आणि घरातलं सगळ्यात मोठं भांडं भरून ठेवलं. बाहेर दोघं हातावर हात चोळत उभे होते. पान वाढायला आता थोडाच वेळ लागणार होता. भात झाला होता, भाजी झाली होती, वडे तेवढे तळायचे. ऊन वर येत होतं. शकुबाईंचा हात शेगडीच्या बटणावर होता. जरासं मागं फिरवलं की झालं. पाणी कोमट राहील, ते दोघं ओतत बसतील, माध्यान्ह होईल, आणि मग ‘जेवून जा’ म्हणता येईल. कुणाला कळणार होतं? ज्याला कळायचं तो आज पानावर यायचा होता, आणि त्याला तर तेव्हाही कळलं होतं.

पण ती मुकी जनावरं. आज श्राद्धाचा दिवस. आज कुणी दारात आलं तर त्याला विन्मुख पाठवत नाहीत, कावळ्याकुत्र्याला आधी घालून मग आपण जेवतात. आणि आजच्याच दिवशी, बाळासाहेबांच्या नावानं पान वाढायला म्हणून, त्यांच्याच बायकोनं तिथं मेंढ्या उपाशी मारायच्या? ते काय म्हणाले असते, हे शकुबाईंना पक्कं ठाऊक होतं. स्टँडवर पॅसेंजर उभा असला की बाळासाहेबांनी तोंडातला घास टाकून गाडी काढली होती. स्वतःच्या मुलाच्या बारशालाही ते बारसं उरकल्यावरच पोचले होते.

शकुबाईंनी शेगडी पूर्ण मोठी केली. पाण्याला आधी बारीक बुडबुडे आले, मग ते खळखळलं. त्या थांबल्या. पूर्ण, नीट, उसळ्या मारेपर्यंत थांबल्या. मग बादलीत ओतून, पदरानं कडी धरून बाहेर आल्या.

सुशील पुढं आला. बादली घेताना तो बोट पुढं करतोय असं वाटलं.

“हात घालू नकोस,” शकुबाई म्हणाल्या. “भाजंल. आधान हाय.”

सुशील बादलीतल्या वाफेकडं बघत राहिला. मग त्यानं आईकडं बघितलं. “आई, मघाशी मी...”

“असू दे. पानी गार व्हतंय.”

दोन बादल्या लागल्या. ट्रकनं एकदा उचकी दिली, काळा धूर ओकला आणि मग सगळं अंगण हादरवत तो सुरू झाला. ग्रॅहमनं शकुबाईंचा हात हातात घेऊन जोरजोरानं हलवला. सुशील केबिनमध्ये चढला. त्याच्या धुतलेल्या पँटवर ग्रीसचा डाग पडला होता. वाकून आईच्या पाया पडायचं राहिलं म्हणून त्यानं परत उतरू बघितलं, तर शकुबाईंनीच हात केला, जा, जा. ट्रक वळणापलीकडं गेला. त्याच्या मागून ग्रॅहमची गाडी गेली.

अंगण मोकळं झालं. सगळीकडं पांढरं दहिवर, आणि मध्ये ट्रक उभा होता तेवढीच जागा कोरडी, काळी, उघडी. रात्रभर ट्रकनं तिला झाकलं होतं.

शकुबाईंनी वडे तळले. पान वाढलं, भात, वरण, कारल्याची भाजी कुठली इथं, भोपळ्याचीच भाजी, वडे, खीर. बरोबर माध्यान्हीला ते ताट घेऊन त्या बाहेर आल्या आणि त्या काळ्या मोकळ्या जागेच्या मधोमध त्यांनी ते ठेवलं. पाणी मात्र फिरवलं नाही. ते लेकाचं काम.

“जेवा,” त्या म्हणाल्या. “पोरगा गाडीवर गेलाय. तुमाला येगळं काय सांगायचं? डूटी म्हंजी डूटी.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “आन एवढी वर्सं बोलला का न्हाई हो?”

बराच वेळ त्या पायरीवर बसून होत्या. कुणी आलं नाही. दुपारी मृदुला आली, तिनं ताट बघितलं, आत न्यायला वाकली, तर शकुबाई म्हणाल्या, “राहू दे.” आणि पहिल्यांदाच मृदुलाला यावर काही गोड बोलता आलं नाही. ती शेजारी पायरीवर बसली.

अंधार पडून गेल्यावर ट्रकचे दिवे वळणावर दिसले. गाडी अंगणात शिरली आणि अर्ध्यातच थांबली, मागचा निम्मा भाग रस्त्यावर तसाच. दिव्यांच्या झोतात ताट चकाकत होतं. सुशील उतरला. शकुबाई खिडकीतून बघत होत्या. तो ताटापाशी उकिडवा बसला, त्यानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. मग खिशातली पाण्याची बाटली उघडली आणि ताटाभोवती सावकाश पाणी फिरवलं. हात जोडून तो बसला तो बसलाच. इंजिन चालूच होतं. त्यानं ते बंद केलं नव्हतं, निम्मा ट्रक रस्त्यावर असताना करता येण्यासारखंही नव्हतं.

मग त्यानं ताट उचलून पायरीवर ठेवलं, ट्रक पुढं घेऊन त्याच्या जागेवर लावला. खुंटीवरून भेंडोळं उतरवल्याचा, वायर गवतावरून ओढत नेल्याचा आवाज आला. मागचं दार उघडलं.

“आई,” त्यानं हाक दिली. “पिन लावली गं. उद्या पण जायचंय.”

“हूं,” शकुबाई म्हणाल्या.

जेवणं झाली, निजानीज झाली. शकुबाई फेरीला निघाल्या. टीव्ही बंद, मायक्रोवेव्ह बंद, मिक्सर बंद. धुवायच्या खोलीत येऊन त्यांनी ते शेवटचं बटण दाबलं, आणि त्याच्यावरची चालूची लाल खूण दिसतेय ना, ते चष्मा लावून एकदा नीट बघून घेतलं.